आरोग्याचा धडा : सहाव्या वर्षीची दाढ आणि तिचा लेप

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर सहा-सात वर्षांच्या लेकराला 'आ' करायला सांगा. दुधाच्या दातांच्या अगदी मागे एक मोठी दाढ दिसते का? खाली-वर, दोन्ही बाजूंना मिळून अशा ४ दाढा येतात. त्या येताना कोणताच दात पडत नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. पुढे ती किडली की आपण म्हणतो, "दुधाची आहे, पडून जाईल." पण ही कायमची दाढ आहे. गेली की पुन्हा येत नाही.

कीड कुठून लागते?
दाढेच्या चावायच्या बाजूला बारीक, खोल खाचा असतात. ब्रशचे केसही तिथे पोचत नाहीत. बिस्कीट, चॉकलेट अडकतं, जंतू त्याचं आम्ल करतात आणि दाढ पोखरली जाते. कीड लागायच्या आधीच या खाचा लेपाने बुजवता येतात. या लेपाला सीलंट म्हणतात. इंजेक्शन नाही, कोरणं नाही, काही मिनिटांचं काम. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या माहितीप्रमाणे सीलंटमुळे २ वर्षांत दाढांची सुमारे ८० टक्के कीड टळते.

लेप दोन प्रकारचे
१) रेझिनचा लेप : जास्त दिवस टिकतो. पण लावताना दाढ एकदम कोरडी लागते. थुंकी लागली की तो नीट चिकटत नाही. दाढ पूर्ण वर आलेली असावी आणि लेकरू शांत बसणारं असावं.
२) ग्लास आयोनोमरचा लेप : थोडा ओलावा चालतो, त्यातून थोडं थोडं फ्लोराइडही सुटतं. पण लवकर निघतो. दाढ अर्धीच आली असेल किंवा पोरगं चुळबुळ्या असेल, तर हा सोयीचा.

मग चांगला कोणता? दाढ पूर्ण आली असेल आणि कोरडी ठेवता येत असेल, तर रेझिन. नसेल, तर थांबून राहू नका. आधी ग्लास आयोनोमर लावून घ्या. कोणताही लावला तरी दर ६ महिन्यांनी दाखवा, कारण निघालेला लेप आपल्याला दिसत नाही. भोक पडलं असेल तर मात्र लेप पुरत नाही, दाढ भरावी लागते.

डाग म्हणजे कीड नव्हे
आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. पण डाग आहेत म्हणून कीड लागणार नाही, असं समजू नका.

कुठे विचारायचं?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. ते दातही तपासतं आणि गरज असेल तर पुढे पाठवतं. त्या दिवशी लेकराला शाळेत पाठवाच. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. दंत डॉक्टरांना सरळ विचारा, "डॉक्टर, दाढेला सीलंट लावता येईल का? कोणता लावता?"

लेप लावला तरी सकाळ-रात्र ब्रश सुटत नाही. बारा वर्षांच्या आसपास मागची दुसरी दाढ येते, तेव्हा पुन्हा हेच करायचं.

पुढच्या बैठकीसाठी : गटातल्या ६ ते ८ वर्षांच्या लेकरांची यादी करा. कोणाची दाढ आली, कोणाची काळी पडली, ते आपापल्या घरी बघून या आणि एकमेकींना सांगा.