उपयोगसुलभतेची कसोटी

एचआयव्ही प्रतिबंधाचे मोबाइल अ‍ॅप स्वीकारण्यापूर्वी ते प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या हाती देऊन पाहणे आम्ही अगत्याचे मानतो. त्यासाठी जॉन ब्रूक यांनी १९८६ साली तयार केलेली १० प्रश्नांची प्रश्नावली प्रचलित आहे. तिचा गुणांक ० ते १०० असतो व ६८ हा सरासरी मानला जातो. मात्र ती टक्केवारी नव्हे. (हिशेबात मुरलेल्या आमच्यासारख्यांची येथेच फसगत होते.)

परंतु या प्रश्नावलीत गोपनीयतेविषयी एकही प्रश्न नाही. प्रतिबंधक गोळीची आठवण देणारा संदेश फोन न उघडताच पडद्यावर उमटला आणि घरातील अन्य कोणी तो वाचला, तर उत्तम गुणांक काय कामाचा? सबब, चाचणीच्या वेळी फोन त्रयस्थाच्या हाती देऊन त्यास काय दिसते, याचीही नोंद व्हावी, असा आमचा आग्रह आहे.