जागा तशी सही

घरीं आपणांस ‘बाळ्या’ म्हणून हाक मारितात. शाळेच्या हजेरीपटावर मात्र आपलें संपूर्ण नांव असतें. उंबरठा ओलांडतांच कोणतें नांव चालावयाचें, हें कोणास सांगावें लागत नाहीं. संगणकास हा विवेक शिकवावा लागतो. तो कसा शिकवावा, हें ‘गिट’ नामक साधनाच्या आधारें पाहूं.

प्रोग्राम लिहितांना होणाऱ्या बदलांची नोंदवही ठेवणारें हें साधन लिनस टॉरवॉल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केलें. नोंदवही असलेल्या फोल्डरास आपण भांडार म्हणूं. त्यांतील प्रत्येक नोंदीस ‘कमिट’ म्हणतात व तिजवर कर्त्याचें नांव आणि ई-मेल पत्ता उमटतो. या मजकुरासह नोंदीची खूण गणिली जाते, आणि प्रत्येक नोंद आपल्या आधींच्या नोंदीची खूण जवळ बाळगते. म्हणून एका नोंदींतील पत्ता मागाहून दुरुस्त केल्यास तिची व तिच्या पुढील सर्व नोंदींची खूण बदलते. आणि ज्यांनीं जुनी प्रत घेतली असेल, त्यांच्या प्रतीशीं आपली प्रत जुळेनाशी होते.

आतां एकाच संगणकावर कचेरीचें व घरचें काम करणारा मनुष्य घ्या. त्याच्या ‘.गिटकॉन्फिग’ या मुख्य फाइलींत एकच पत्ता आहे. प्रत्येक नव्या भांडारांत तो हातानें बदलावयाचा म्हटलें, तर एखाद्या घाईच्या दिवशीं विसर पडतो आणि खासगी पत्ता कचेरीच्या दप्तरीं दाखल होतो.

यावर उपाय मे २०१७ मध्यें निघालेल्या गिटच्या २.१३ या आवृत्तींत आला. त्याचें नांव ‘इन्क्लूडइफ’, म्हणजे ‘अट पुरी झाल्यास समाविष्ट करा’. कृति अशी :

(१) कचेरीचीं सर्व भांडारें ‘काम’ नांवाच्या एका फोल्डरांत ठेवावीं.

(२) कचेरीचा पत्ता एका निराळ्या फाइलींत लिहावा.

(३) मुख्य फाइलीच्या अखेरीस ‘इन्क्लूडइफ’चें कलम घालावें. अटीच्या जागीं ‘गिटडिर’, अपूर्णविराम व ‘काम’ फोल्डरचा मार्ग लिहावा. खालच्या ओळींत ‘पाथ’ म्हणून निराळ्या फाइलीचा मार्ग द्यावा.

येथें तीन चुका संभवतात. पहिली, फोल्डरच्या मार्गाच्या शेवटीं तिरकी रेघ न देणें. ती दिली म्हणजेच फोल्डरच्या पोटांतील सर्व भांडारांस नियम लागू होतो. दुसरी, कलम सर्वसाधारण पत्त्याच्या वर लिहिणें. एकाच गोष्टीचीं दोन मूल्यें आढळल्यास मागाहून वाचलेलें मूल्य ग्राह्य धरलें जातें, म्हणून कलम खालींच हवें. तिसरी, नुसत्या ‘काम’ फोल्डरांत जाऊन परीक्षा घेणें. अट भांडारांतील ‘.गिट’ फोल्डरच्या स्थानावरून ठरते; भांडाराबाहेर जुनाच पत्ता दिसतो व मनुष्य उगाच गोंधळतो.

परीक्षेसाठीं भांडारांत शिरून ‘गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन युजर.ईमेल’ ही आज्ञा द्यावी. पत्ता व तो कोणत्या फाइलींतून आला, हीं दोन्हीं दिसतात. पहिल्या नोंदीपूर्वीं एवढी खातरजमा करावी. जी गोष्ट रोज आठवावी लागते ती एक दिवस विसरली जाते. ती जागेच्या स्वाधीन केली म्हणजे आपलें मन मुख्य कामास मोकळें राहतें.