केमो चालू असताना चिनी काढा?

प्रश्न : आईला अंडाशयाचा कर्करोग आहे. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल सुरू आहे. मामाने सिंगापूरहून चिनी काढ्याच्या पुड्या पाठवल्यात. द्याव्यात का?

उत्तर : आत्ता नकोतच. काढ्याने हा कर्करोग बरा होतो, याचा भरवशाचा पुरावा नाही. म्हणून चिनी झाडं निरुपयोगी ठरत नाहीत! तिथल्या ‘शी शू’ वृक्षातून मन्रो वॉल आणि मूळचे आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगरोधक द्रव्य वेगळं काढलं. १९६६ साली ते प्रसिद्ध झालं. (आईचं पॅक्लिटॅक्सेलही याच जोडीने शोधलेलं, पण अमेरिकी यू वृक्षाच्या सालीतून.) कॅम्प्टोथेसिन रुग्णांना दिल्यावर लघवीतून रक्त जाऊ लागलं, चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच्या रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन घडवलं गेलं. १९९६ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

पुडीतल्या पाल्याची अशी पारख झालेली नसते. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि शंभरावर रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. कार्बोप्लॅटिन तर मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतं. एखादी पुडी आधीच दिली असेल, तर ओशाळू नका. वेष्टन घेऊन डॉक्टरांकडे जा.