पाचव्या वर्षीचा ध्रुव आणि आपली पाचवीतली मुलं



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, चौथा स्कंध, आठवा अध्याय.

ध्रुवाची गोष्ट. आपल्या सगळ्यांना ती इतकी पाठ आहे, की आपण ती वाचतच नाही. बाबांच्या मांडीवरून सावत्र आईने हटकलं, पोरगं रानात गेलं, देव भेटला, तारा झाला. संपलं. पण आज आपल्याला मधला भाग वाचायचाय. ध्रुव रडत आईकडे येतो तिथपासून ते रानात पहिला महिना काढतो तिथपर्यंत.

कारण सांगते. गेल्या आठवड्यात एका ताईंचा मेसेज आला. त्यांचा मुलगा चौथीपर्यंत घराजवळच्या छोट्या शाळेत होता. एक वर्ग, एकच बाई, सगळे विषय त्याच शिकवणार. बाईंना त्याच्या डब्यात काय असतं तेही माहीत. जूनमध्ये तो पाचवीला मोठ्या हायस्कूलला गेला. दर तासाला वेगळे सर, वेगळ्या बाई. सेमी घेतलंय, म्हणून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. हिंदी नवीन. आणि रोज सकाळी सव्वासहाला त्याचं पोट दुखतं. रविवारी दुखत नाही. ताईंनी विचारलंय, "मी त्याच्यासाठी कुठलं स्तोत्र म्हणू?"

जे रोज म्हणता तेच म्हणा ताई. पण त्यासोबत हा अध्याय हळू वाचा. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पाचवी-सहावीतलं मूल आहे, भाचा आहे, धाकटी बहीण आहे, त्यांनीही वाचा. (काहींकडे हा बदल पाचवीला येतो, काहींकडे सहावीला. शिक्षण हक्क कायद्यात उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी, पण आपल्याकडे चौथीनंतर हायस्कूलला जायची जुनी पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. वर्ग कुठलाही असो, पोटदुखी तीच.)

आता सुनीतीकडे बघा.

ध्रुव आईकडे येतो तेव्हा त्याचे ओठ थरथरत असतात. काय झालं ते तिला वाड्यातली माणसं सांगतात. सुनीती आधी त्याला मांडीवर घेते. मग ती स्वतः रडते. भागवतकारांनी हे लपवलेलं नाही. आणि मग ती जे बोलते ते मला प्रत्येक वेळी थांबवतं. ती "काही नाही झालं रे" म्हणत नाही. "तुझे बाबा तुझ्यावर खूप प्रेम करतात, तुला उगाच वाटतं" असंही म्हणत नाही. ती म्हणते, सुरुची बोलली ते खरं आहे. राजाला मला पत्नी म्हणायची लाज वाटते आणि तू माझ्या पोटी जन्माला आलास. दुसऱ्याचं वाईट चिंतू नकोस. पण तिने सांगितलेला मार्ग बरोबर आहे, भगवंताची आराधना कर. तुझ्या आजोबांनी, मनूंनीही तेच केलं.

पाच वर्षांच्या मुलाला एवढं खरं सांगायचं? आपण तर दहा वर्षांच्या मुलालाही सांगत नाही. "नवीन शाळा मस्त आहे, बघ केवढं मोठं ग्राउंड आहे, लॅब आहे!" मुलाला ग्राउंड दिसतं, पण मधल्या सुट्टीत डबा कुणाजवळ बसून खायचा हे दिसत नाही. त्याचा प्रश्न तो आहे. आपण लॅबबद्दल बोलत राहतो आणि त्याला कळतं की आईला हे सांगून उपयोग नाही. मग पोट बोलायला लागतं.

सुनीतीसारखं खरं बोलायचं म्हणजे काय? "हो रे, अवघड आहे. आधी एकाच बाईंना खूश ठेवायचं होतं, आता सात जणांच्या सात तऱ्हा. एक सर वहीला समास मागणार, दुसऱ्या बाई म्हणणार समास नको. जुने मित्र दुसऱ्या तुकडीत गेले. मलाही वाईट वाटतंय." एवढं बोलून थोडं गप्प बसायचं. उपाय लगेच सांगायचा नाही. आणि सुनीतीची दुसरी गोष्टही घ्या : तिने सुरुचीला नावं ठेवली नाहीत. घरी मुलासमोर "ती शाळाच तसली" किंवा "त्या सरांना शिकवताच येत नाही" हे सुरू झालं, की मुलाला उद्या त्याच सरांपुढे बसणं आणखी जड जातं.

मग ध्रुव निघतो. सुनीती त्याच्याबरोबर जात नाही. तिने त्याला कुठे जायचं, कसं बसायचं, काय खायचं यातलं काहीच सांगितलेलं नाही. ते सांगायला वाटेत नारद भेटतात. मला यात एक फार मोठी सोय दिसते. आईनेच सगळं शिकवायचं नसतं. मूल ज्या वयात घराबाहेर पाऊल टाकतं, त्या वयात त्याला घराबाहेरचं एक मोठं माणूस लागतं. वर्गशिक्षिका, खेळाचे सर, बालसंस्कार वर्गातला दादा, दोन वर्षं पुढची सोसायटीतली ताई. तुमच्यातले जे पंचवीस-तीस वर्षांचे आहेत आणि अजून आई-बाबा नाहीत, ते हे काम उत्तम करू शकतात. भाच्याला आत्याने विचारलेलं वेगळं आणि आईने विचारलेलं वेगळं.

नारद काय करतात ते मात्र नीट बघा. आधी डोक्यावरून हात फिरवतात. मग सरळ म्हणतात, तुझं खेळायचं वय, या वयात कसला मान नि कसला अपमान, घरी जा. आणि एक सुंदर उपदेश करतात. आपल्याहून गुणी कुणी भेटला तर आनंद मानावा, आपल्याहून कमी असेल त्याच्याविषयी कणव ठेवावी, बरोबरीचा असेल त्याच्याशी मैत्री करावी. नवीन वर्गात पाऊल ठेवणाऱ्या मुलाला याहून चांगलं काय सांगणार? जुन्या शाळेत पहिला येणारा मुलगा इथे एकदम पंधरावा होतो, त्याला तर हे फारच लागू आहे.

पण ध्रुव काय म्हणतो? महाराज, तुमचं बरोबर आहे, पण माझ्या मनाला इतकं लागलंय की ते आत्ता आत टिकत नाही.

आणि नारद रागावत नाहीत! "मोठ्यांचं ऐकायचं सोडून उलट बोलतोस?" नाही. ते आपला उपदेश बाजूला ठेवतात आणि मुलाला जे हवंय त्याचा रस्ता दाखवतात. देवर्षींनी पाच वर्षांच्या मुलाचं ऐकून आपला सल्ला बदलला. आपल्याला वाटतं की चांगला सुविचार सांगितला की काम झालं. मूल दुखावलेलं असताना सुविचार आत जात नाही, हे भागवतातच लिहिलेलं आहे.

आता तो रस्ता कसा आहे ते बघा, इथे खूप व्यवहार आहे. नारद जागा सांगतात : यमुनेच्या काठी मधुवन. वेळ सांगतात : रोज तीनदा स्नान. आसन, प्राणायाम, ध्यान कसं करायचं, पूजेला काय घ्यायचं आणि द्वादशाक्षरी मंत्र. म्हणजे एक वेळापत्रकच. आणि ध्रुव ते एका दिवसात पेलत नाही. पहिल्या महिन्यात तो तीन-तीन दिवसांनी कवठं आणि बोरं खातो. दुसऱ्या महिन्यात सहा-सहा दिवसांनी, वाळलेलं गवत आणि पानं. तिसऱ्यात नऊ-नऊ दिवसांनी फक्त पाणी. पायरी-पायरीने. (उपास मुलांना करायला लावू नका हं! पायरी तेवढी घ्या.)

आपण जूनमध्ये सगळं एकदम मागतो. आवरून बसवर जा, डायरी भर, प्रोजेक्ट विसरू नकोस, इंग्रजीतून गणित कर आणि हसत घरी ये. त्यापेक्षा पहिल्या महिन्यात एकच गोष्ट त्याच्याकडे द्या : रात्री वेळापत्रक बघून दप्तर त्याने भरायचं. तुम्ही शेजारी बसा, हात लावू नका. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. पण ज्याला वेळापत्रक वाचून वह्या निवडता येत नाहीत तो भीतीने रोज सगळ्या वह्या नेतो. एखादी वही राहील, बाई बोलतील. बोलू देत. वही घेऊन शाळेच्या गेटवर धावत जाऊ नका. दुसऱ्या महिन्यात गृहपाठ विचारायचं काम त्याच्याकडे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला "उद्या विज्ञानाचं काय आहे?" असं विचारणारे आपण असतो, त्यामुळे मुलाला वर्गात ऐकायची गरजच पडत नाही. त्याला एका मित्राचा नंबर घेऊन यायला सांगा आणि फोन त्यालाच करू द्या. गृहपाठही मिळेल आणि बरोबरीच्याशी मैत्रीही होईल. मार्कांचं दिवाळीनंतर बघू. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास होणं आवश्यक केलं, त्याचं दडपण पालकांना आलंय हे कळतं. पण त्यात पुन्हा परीक्षेची संधीही आहे, आणि जूनमध्ये पोट दुखणाऱ्या मुलाला मार्चची भीती घालून काही मिळत नाही.

मुलींच्या आयांसाठी एक वेगळी ओळ. पाचवी-सहावीत पाळी सुरू होऊ शकते, आणि ती नवीन शाळेत, जिथे कुठल्या बाईंना सांगायचं तेच माहीत नाही तिथे सुरू होऊ शकते. आधीच बोला. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड ठेवा. देवघरात कुजबुजत बोलायचा हा विषय नाही, जेवणाच्या टेबलावर नीट बोलायचा आहे.

आणि आता उत्तानपाद. हा माणूस मला सगळ्यात जवळचा वाटतो. नारद त्याच्याकडे जातात तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला असतो. तो म्हणतो, माझं मूल दमून, भुकेलं कुठेतरी झोपलं असेल, त्याला लांडगे तर खाणार नाहीत ना? नारद सांगतात, काळजी करू नको, देव त्याला राखतोय. राजा ऐकतो. आणि तरीही, भागवत सांगतं, तो राज्याकडे लक्ष न देता मुलाचाच विचार करत राहतो. साक्षात नारदांनी सांगूनही काळजी गेली नाही! तेव्हा ताई, तुमची जात नाही म्हणून भक्ती कमी पडली असं समजू नका.

फक्त लांडग्यांचं एक बघा. खरे लांडगे असतील तर पोथी मिटून आधी शाळेत जायचं. कुणी रोज डबा हिसकावतंय, बसमध्ये मारतंय, टोपणनावाने छळतंय, किंवा कुणी मोठा माणूस नको तसा वागतोय, तर हे "सवय होईल" मधलं नाही. वर्गशिक्षिकेला भेटा, मग मुख्याध्यापकांना, लेखी द्या. शिक्षकाने मारणं किंवा मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केलेलं आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलालाही पाठ असू दे. आणि पोटदुखी दोन-तीन आठवडे गेली नाही, झोप आणि जेवणही बिघडलं, तर डॉक्टरांना दाखवा. दुखणं खोटं धरून चालू नका, भीतीने दुखतं तेही खरंच दुखतं.

तर ताई, आज रात्री दप्तर भरताना त्याच्याजवळ बसा. मधल्या सुट्टीत तो कुठे बसतो एवढंच विचारा आणि उत्तराची वाट बघा, आज नाही आलं तर उद्या. सकाळी निघताना सुनीतीने घेतलं तसं एक मिनिट जवळ घ्या, मग सोडा.

उद्या नववा अध्याय. ध्रुव परत येतो, बाबा रथ घेऊन सामोरे जातात आणि तो सुरुचीच्याही पाया पडतो. वाचून या, मग बोलू.

राम कृष्ण हरी.