वेष्टनावरील आकडे आणि मधुमेहीचा हिशोब

बिस्किटांच्या पुड्यामागे पोषणमूल्यांचा तक्ता छापलेला असतो. जेवणातील कर्बोदके मोजून इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही मुलाला हा तक्ता नीट वाचता आलाच पाहिजे. मोजणी कमी झाली तर रक्तातील साखर चढते. जास्त झाली तर इन्शुलिन अधिक पडून साखर धोकादायक रीतीने उतरते.

पिष्ट आणि साखर ही दोन्ही कर्बोदकेच. साखरेचा आकडा कर्बोदकांच्या आकड्यात आधीच धरलेला असतो. तो पुन्हा मिळवू नये. 'साखरविरहित' बिस्किटातही मैद्याचे पिष्ट असतेच आणि पचल्यावर त्याचे ग्लुकोज होते.

तंतूंचे काय? सेल्युलोजही ग्लुकोजचेच बनलेले असते; पण त्यातील बंध तोडणारे विकर आपल्या शरीरात तयार होत नाही. म्हणून त्याची रक्तात साखर होत नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू काही तंतू आंबवतात. त्यामुळे तंतूंची ऊर्जा सरासरीने ग्रॅमला 2 किलोकॅलरी धरतात.

अमेरिकेतील तक्त्यात एकूण कर्बोदकांत तंतूही मोजलेले असतात. युरोपीय संघाच्या पद्धतीत ते वेगळे असतात. तेथे ते वजा केले तर मोजणी कमी भरेल.

तक्ता कोणत्या पद्धतीचा आहे, हे ऊर्जेच्या बेरजेवरून ताडता येते. समजा, 100 ग्रॅम बिस्किटांत प्रथिने 10, स्निग्ध पदार्थ 20, कर्बोदके 60 आणि तंतू 8 ग्रॅम आहेत. प्रथिने व कर्बोदके यांना 4 ने आणि स्निग्ध पदार्थांना 9 ने गुणा:

40 + 180 + 240 = 460 किलोकॅलरी.

छापलेली ऊर्जा सुमारे 476 असेल, तर तंतूंचे 16 किलोकॅलरी वरून मिळवले आहेत; म्हणजे तंतू 60 ग्रॅमच्या बाहेर आहेत. ऊर्जा 460 किंवा त्याहून कमी, सुमारे 444, असेल, तर ते 60 ग्रॅमच्या आत आहेत आणि पचणारी कर्बोदके 52 ग्रॅमच आहेत. आकडे पूर्णांकांत छापत असल्याने थोडा फरक पडेल.

आता 25 ग्रॅम बिस्किटे खाल्ली, तर पहिल्या पुड्यातून 15 ग्रॅम कर्बोदके मिळतील, दुसऱ्यातून 13 ग्रॅम. मात्र आत धरलेले तंतू वजा करायचे की नाही आणि इन्शुलिन किती घ्यायचे, हे रुग्णाचे डॉक्टरच ठरवतात.

घरातील तीन पुडे घेऊन ही बेरीज करून पाहा. तक्त्यातील आकडे 100 ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, हे मात्र आधी तपासा!