घर विकले गेले, अनामत कोणाकडे मागावी?

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गाव सोडून शहरात आलेला आपला माणूस प्रथम खोली शोधतो. खोली मिळते ती डिपॉझिट भरल्यावर. हे डिपॉझिट कधी आईची बचत असते, कधी पतपेढीचे कर्ज असते, तर कधी पाहुण्यांकडून घेतलेली उसनवार असते. पुढे एके दिवशी कळते की घरमालकाने घर विकले. जुना मालक म्हणतो, “आता नव्या मालकाला विचारा.” नवा मालक म्हणतो, “तुमचे पैसे माझ्याकडे आलेच नाहीत.” दोघांच्या दारी खेटे घालून भाडेकरू थकतो आणि शेवटी घामाचा पैसा सोडून देतो. हा पैसा सोडण्याचे कारण नाही. त्यासाठी कायदा थोडा समजून घेतला पाहिजे, म्हणून हा अभ्यासपाठ.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक उदाहरण घेऊ. ‘अ’ हा जुना मालक, ‘ब’ हा घर विकत घेणारा आणि ‘क’ हा राहणारा. क ने अ ला ७५,००० रुपये अनामत दिली. करार अकरा महिन्यांचा आहे. पाचव्या महिन्यात अ ने घर ब ला विकले. आता क ने काय करावे?

१) आपला कागद कोणता, ते प्रथम पाहावे

महाराष्ट्रातील शहरांत आज बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात. लायसन्स म्हणजे घर वापरण्याची परवानगी. तिच्यासंबंधीचे नियम भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये आहेत. त्याचे कलम ५९ सांगते की, परवानगी देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला दिली, तर केवळ त्यामुळे नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही. याचा अर्थ असा की ब ने स्वतः मान्य केले नसेल, तर क ने आपली अनामत ज्याच्या हाती दिली त्या अ कडेच मागावी. घर विकले म्हणून अ चे देणे फिटत नाही. क ची काही चूक नसताना अ ने त्याला मुदतीपूर्वी बाहेर काढले, तर कलम ६४ प्रमाणे अ कडून नुकसानभरपाईही मागता येते. सामान हलविण्यास वाजवी वेळ मिळण्याचा हक्क कलम ६३ मध्ये आहे.

करार खऱ्या भाडेपट्ट्याचा असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०९ लागू होते. त्यानुसार नव्या मालकाला जुन्या मालकाचे हक्क मिळतात. आणि भाडेकरूने तसे ठरविले तर मालमत्तेसंबंधीची जुन्या मालकाची दायित्वेही त्याच्यावर येतात. मात्र जुना मालक केवळ विक्रीमुळे सुटत नाही. भाडेकरूने ‘यापुढे नवा मालकच मला जबाबदार’ असे स्वीकारले, तरच तो सुटतो. म्हणजे निवड भाडेकरूच्या हाती आहे. म्हणून घाईने “यापुढे माझा संबंध फक्त नव्या मालकाशी” असे लिहून देऊ नये. अनामत हे घराबरोबर जाणारे देणे की जुन्या मालकाचे व्यक्तिगत देणे, यावरही कोर्टात वाद घातला जातो. त्या वादात अडकण्यापेक्षा आधीच लिहून घेणे शहाणपणाचे.

या दोन्हींतून एकच धडा निघतो : अनामत आपोआप घराच्या मागे जात नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली, हे लेखी असावे लागते.

(पागडीची खोली हा निराळा विषय आहे. त्याचा विचार येथे केलेला नाही.)

२) नोंदणी नाही म्हणून घाबरू नये

“करार अकरा महिन्यांचा, त्याला नोंदणी लागत नाही,” असा समज सर्वत्र आढळतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे असा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी न करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तरीही पुरावा आपणच जपावा. अनामत शक्यतो धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी. रोख दिली असेल तर पावती घ्यावी. प्रत्यक्षात ७५,००० देऊन करारात २५,००० लिहिण्यास कधीही संमती देऊ नये, कारण उरलेल्या ५०,००० साठी पुढे आपल्यालाच झगडावे लागते. मोबाइलवर आलेले संदेश पुसू नयेत.

३) विक्रीची कुणकुण लागताच काय करावे

घर पाहायला माणसे येऊ लागली की समजावे, वेळ आली. व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी अ ला ब कडून पैसे मिळायचे असतात आणि ब ला रिकामे किंवा निर्विवाद घर हवे असते. म्हणून दोघेही त्या वेळी क चे ऐकतात. व्यवहार झाल्यावर ऐकणारा कोणी राहत नाही.

अशा वेळी दोनच मार्ग सुरक्षित आहेत. पहिला, अ ने अनामत परत करावी आणि क ने ब बरोबर नवा करार करून नवी अनामत द्यावी. दुसरा, तिघांनी मिळून एक पत्र करावे. त्याचा नमुना असा :

“अमुक पत्त्यावरील घरासाठी क यांनी अ यांना अमुक तारखेस ७५,००० रुपये अनामत दिली आहे. हे घर अ यांनी ब यांना विकले असून सदर अनामत अमुक क्रमांकाच्या धनादेशाने ब यांच्याकडे वर्ग केली आहे. ती मिळाल्याचे ब यांना मान्य आहे. क घर खाली करतील त्याच वेळी ब ही रक्कम परत देतील. ब यांनी न दिल्यास अ जबाबदार राहतील.”

त्यावर तिघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि तारीख असावी. शेवटचे वाक्य अ ला रुचणार नाही, पण ते मागून पाहावे. मुद्रांक किती लागेल हे वकिलास विचारावे.

विक्री आपल्याला न कळवता झाली असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन पाहावी. खरेदीदाराचे नाव आणि दस्ताची तारीख त्यात सापडते. भाडेपट्टा असेल आणि विक्री माहीत नसताना भाडे जुन्या मालकाला दिले असेल, तर कलम १०९ प्रमाणे तेच भाडे नव्या मालकाला पुन्हा द्यावे लागत नाही. मालक वारला आणि घर वारसांकडे गेले, तर वारस त्यांना मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेत या देण्यास जबाबदार असतात.

४) चावी आणि पैसा

“पैसे मिळेपर्यंत घर सोडणार नाही,” असे म्हणावेसे वाटते. परंतु सावध राहावे. परवान्याची मुदत संपल्यावर घर न सोडल्यास १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. पंचाहत्तर हजार वाचवताना दुसरीकडून तेवढेच जाऊ नयेत.

योग्य रीत अशी : मुदतीपूर्वी लेखी कळवावे की अमुक दिवशी घर खाली करतो, त्याच वेळी अनामत द्यावी. त्या दिवशी भिंती, नळ, दिवे यांची छायाचित्रे काढावीत. वीजबिल भरल्याची पावती सोबत ठेवावी. एका हाताने चावी द्यावी, दुसऱ्या हाताने पैसे घ्यावेत. मालक टाळत असेल, तर चावी दिल्याची लेखी पोच घ्यावी आणि ‘अनामत येणे बाकी’ असे त्यावर लिहून घ्यावे. पुढच्या तारखेचा धनादेश दिला आणि पैशांअभावी तो वटला नाही, तर पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली कारवाई करता येते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी. ही मुदत चुकवू नये.

५) तरीही पैसे न मिळाल्यास

प्रथम अ व ब दोघांनाही लेखी नोटीस पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. पैशाच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. “देतो, देतो” या तोंडी आश्वासनाने ती वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी सही करून देणे लेखी मान्य केले, तरच ती नव्याने सुरू होते. म्हणून तोंडी शब्दावर वर्षे घालवू नयेत.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, औद्योगिक कामगार आदींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. त्यामुळे जातीचा दाखला असलेल्या आपल्या बौद्ध बांधवांनाही हा हक्क आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. दावा दाखल करण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे तडजोड झाली तर तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील होत नाही.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. लायसन्स आणि भाडेपट्टा यांत, घर विकल्यावर अनामतीच्या बाबतीत कोणता फरक पडतो?

२. ब ने क ला तोंडी सांगितले, “काळजी करू नका, मी देईन.” क ने यावर काय करावे?

३. आपल्या घरच्या कराराचा कागद काढून पाहा. अनामतीची पूर्ण रक्कम त्यात लिहिली आहे काय? घर विकले गेल्यास काय होईल, याचे कलम आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी एक ओळ घालून घ्यावी : “घर विकल्यास विक्रीपूर्वी मालक अनामत परत करतील अथवा खरेदीदाराकडून लेखी जबाबदारी घेऊन देतील.” आज ही ओळ लिहून घेतली, तर उद्या दोन दारांचे खेटे वाचतील.