खिडकीखाली ओल? वॉटरप्रूफिंगच्या आधी भोकं तपासा

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी येणारच. ते बाहेर काढायला चौकटीच्या तळाशी भोकं किंवा लांबट खाचा असतात. त्या बुजल्या की ट्रॅक भरतो, पाणी आतल्या कडेवरून घरात उतरतं आणि खिडकीखालच्या भिंतीत मुरतं. आधी रंगाला फुगे येतात, मग पोपडे सुटतात. खिडकीखाली स्विचबोर्ड असेल तर करंटचा धोका आहे. तिथे ओल दिसताच मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तपासणी फुकट आहे. ट्रॅक कोरडा पुसा, त्यात हळूहळू अर्धा-एक लिटर पाणी ओता. एक-दोन मिनिटांत ट्रॅक रिकामा व्हायला हवा. पाणी तसंच राहिलं तर भोकं बुजलेली आहेत किंवा पाडलेलीच नाहीत. आत ओघळलं तर कोपऱ्याचा सांधा उघडा आहे. बाहेर पडलेलं पाणी खिडकीबाहेरच्या ओट्यावरून पुन्हा भिंतीकडे येत असेल तर ओट्याचा उतार उलटा आहे. तिन्ही दोषांचा खर्च वेगळा, म्हणून हे पाहिल्याशिवाय कोणालाही बोलावू नका. व्हिडिओ जरूर काढा, पुढे उपयोगी पडेल.

केव्हा तपासायचं? इंदूरला पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. त्याआधी मे महिन्यातली माळव्याची धूळ ट्रॅकमध्ये बसलेली असते, ती पहिल्या सरीत चिखल होऊन भोकात जाते. म्हणून जूनचा पहिला आठवडा धरा. दुसरी वेळ दिवाळीच्या रंगकामानंतरची. रंगारी पुट्टी आणि सिलिकॉन फिरवताना भोकं सरसकट बुजवतात, आणि मावठ्याच्या पावसात ते तुमच्या लक्षात येतं. कुंभारमाशीचं मातीचं घरटंही नेमकं याच भोकात सापडतं. साफ करायला जुना टूथब्रश आणि झाडूची काडी पुरते. फरशीचं ॲसिड ॲल्युमिनियमवर ओतू नका, पॉलिश जातं. वरच्या मजल्यावर असाल तर बाहेर वाकू नका, सगळं आतून करा.

आता पैशाचं. पुढचे आकडे ढोबळ आहेत, घासाघीस करताना हाताशी ठेवा. मिस्त्रीची फेरी 300 ते 500 रुपये. चांगल्या सिलिकॉनची नळी 200 ते 350. एका नळीत दोन-तीन खिडक्या होतात, तेव्हा खिडकीमागे एक नळी लावली असेल तर विचारा. ॲल्युमिनियमला नवी भोकं पाडायला खिडकीमागे 100 ते 200. भोक निदान 6 ते 8 मिलिमीटरचं हवं. त्याहून बारीक असेल तर पाणी तोंडाशीच अडकतं. दोन्ही टोकांजवळ एकेक, खिडकी रुंद असेल तर मध्ये आणखी एक. यूपीव्हीसीला मात्र साध्या मिस्त्रीला ड्रिल लावू देऊ नका. आत लोखंडी पट्टी असते, चुकीच्या कप्प्यात भोक पडलं की पाणी तिच्यापर्यंत जातं, ती गंजते आणि वॉरंटीही हातची जाते. ज्याने खिडकी बसवली त्यालाच बोलवा.

ओट्याचा उतार दुरुस्त करायचा असेल तर बिलात मलबा उचलण्याचे पैसे कोणाकडे, हे आधी ठरवा. इंदूरमध्ये मलबा रस्त्यावर टाकला की दंड आहे, आणि तो घरमालकावर येऊ शकतो.

सगळ्यात महाग शॉर्टकट म्हणजे भोकं ‘पाणी आत येतं’ म्हणून सिलिकॉनने बंद करणं. दुसरा, आतून वॉटरप्रूफ पुट्टी मारणं. 100 चौरस फुटांची भिंत 25 रुपये दराने रंगवली तरी अडीच हजार गेले, आणि पाण्याची वाट तशीच राहिली. भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंग लावूच नका.

नवीन खिडक्या करत असाल तर मापाकडे लक्ष द्या. समजा खिडकी 4 फूट 1 इंच लांब आणि तितकीच रुंद. क्षेत्रफळ होतं 16.67 चौरस फूट. काही जण माप पुढच्या 3 इंचांवर नेतात, मग तेच 18.06 होतं. 450 रुपये दराने एका खिडकीमागे सुमारे 625 रुपये जास्त, सहा खिडक्यांत पावणेचार हजार. जाळीचा तिसरा ट्रॅक, वाहतूक, सिलिकॉन, बाहेरून काम करायचा झूला आणि 18 टक्के जीएसटी दरात धरले आहेत की वर, हे लिहून घ्या. कोटेशनमध्ये सेक्शनची कंपनी, जाडी मिलिमीटरमध्ये आणि ‘ड्रेन होल व बाहेरच्या टोप्यांसह’ हे शब्द हवेतच.

फ्लॅट बिल्डरकडून घेतला असेल तर खिशात हात घालण्याआधी ताब्याची तारीख पाहा. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेला कामातला दोष बिल्डरने 30 दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. रजिस्ट्री, ताबापत्र, फोटो आणि तो व्हिडिओ जोडून स्पीड पोस्टने पत्र पाठवा, पोचपावती जपा. दाद मिळाली नाही तर मध्य प्रदेश रेराकडे तक्रार करता येते.

खिडकीवाला दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढे इंदूरचा जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षांची. मात्र बिल हवं. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काम केलंत तर खरेदी सिद्ध करणं अवघड जातं.

आणि शेवटचा दहा टक्के हप्ता हातात ठेवा. मिस्त्रीसमोर प्रत्येक ट्रॅकमध्ये पाणी ओता, ते बाहेर पडलेलं दोघांनी पाहा, मगच पैसे द्या.